भाऊ तीन महिन्यांनी सुटतोय: घरानं काय करायचं, व्यवस्थेनं काय करायला हवं

"धाकटा भाऊ साडेसहा वर्षांची शिक्षा संपवून तीन महिन्यांनी सुटतो आहे. घरातले सगळे आनंदात आहेत आणि घाबरलेलेही आहेत. तो पुन्हा त्या वाटेला जाऊ नये म्हणून आम्ही काय करायचं? आणि न्यायव्यवस्थेतल्या सुधारणांबद्दल एवढं बोललं जातं, त्याचा आमच्यासारख्यांना प्रत्यक्षात काही उपयोग होतो का?" असं एका ताईंनी विचारलं आहे.

ताई, गेली बावीस वर्षं मी तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांबरोबर काम करते आहे. तुमचे दोन प्रश्न लोकांना वेगवेगळे वाटतात, एक घरचा आणि एक सरकारचा. मला ते एकच दिसतात. पुढच्या तीन महिन्यांत तुम्ही भावासाठी जी धावपळ करणार आहात, तीच धावपळ चांगली व्यवस्था प्रत्येक कैद्यासाठी स्वतः करते. जिथे व्यवस्था ती करत नाही तिथे ती घरच्यांच्या गळ्यात पडते, आणि ज्याला घरच नाही तो वाऱ्यावर राहतो. म्हणून दोन्हींबद्दल एकत्रच लिहिते.

आधी तुमच्या भीतीबद्दल. तो पुन्हा काही करणार नाही याची खात्री कुणी देऊ शकत नाही, मीही देणार नाही. पण धोका कायम सारखा राहत नाही. सुटल्यानंतरचं पहिलं वर्ष सगळ्यांत कठीण असतं आणि पुढे जसजसा काळ सरळ जातो तसतसा तो धोका उतरत जातो. अमेरिकेत आल्फ्रेड ब्लुमस्टीन आणि किमिनोरी नाकामुरा या दोघांनी १९८० साली न्यूयॉर्क राज्यात पहिल्यांदा अटक झालेल्या लोकांच्या पुढच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या. नवी अटक न होता साधारण चार ते आठ वर्षं गेली, की त्या माणसाकडून गुन्हा होण्याची शक्यता त्याच्या वयाच्या इतर कुणाहीइतकीच उरते, असं त्यांना दिसलं. गुन्हा कोणता होता आणि तेव्हा वय काय होतं यावर ही वर्षं कमी-जास्त होतात. म्हणजे जन्मभर पुरेल इतकी भीती बाळगायचं कारण नाही. सुरुवातीचा काळ निभावून न्यायचा आहे.

तो काळ सुटकेच्या तारखेपासून सुरू होतो, म्हणून आधी वार कोणता ते बघा. हे ऐकायला फार क्षुल्लक वाटेल. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक चाळिशीचा गृहस्थ सोमवारी सकाळी आला. सुटला होता शुक्रवारी दुपारी चारनंतर. ज्या कार्यालयातून त्याच्या राहण्याची सोय व्हायची होती ते तोपर्यंत बंद झालं होतं. मानसिक आजारासाठी चालू असलेल्या गोळ्या तीन दिवसांच्या दिल्या होत्या, त्या रविवारी रात्री संपल्या. तीन रात्री त्यानं स्टेशनवर काढल्या. कुणाचा त्रास नको म्हणून तो झोपलाच नव्हता, आणि आमच्यासमोर खुर्चीवर बसल्या बसल्या बोलताना वाक्य अर्ध्यावर सोडून झोपी गेला. कुणी त्याच्याशी वाईट वागलं नव्हतं. प्रत्येकानं आपापलं काम वेळेत संपवलं होतं आणि घरी गेला होता.

इंग्लंड आणि वेल्समध्ये याच गोष्टीसाठी २०२३ साली कायदा करावा लागला. ज्यांची सुटका शुक्रवारी किंवा सुट्टीच्या आदल्या दिवशी येते त्यांना एक-दोन कामाचे दिवस आधी सोडता यावं, एवढाच तो कायदा. त्यावर मोर्चे निघत नाहीत, निवडणुका लढवल्या जात नाहीत. पण मला कुणी विचारलं की सुधारणा म्हणजे काय, तर मी आधी याच कायद्याचं नाव घेते. तुमच्या भावाची तारीख अशी येत असेल तर आत्ताच कारागृहात अर्ज देऊन विचारा. दिवस बदलून मिळाला नाही तरी त्या दिवशी काय काय आधी उरकून ठेवायचं ते तुम्हाला कळेल.

मग कागदपत्रं. ओळखपत्र, शिक्षणाचे दाखले, आत केलेल्या कामाचं आणि शिकलेल्या कौशल्याचं प्रमाणपत्र, आतल्या दवाखान्याचे कागद आणि चालू औषधांची चिठ्ठी, सुटकेचा दाखला, आणि त्याच्या नावावर जमा झालेल्या मजुरीचा हिशेब. अटकेच्या वेळी जप्त झालेल्या वस्तूंमध्ये ओळखपत्र अडकलेलं असतं आणि ते कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नसतं, असं मी कित्येकदा पाहिलं आहे. ओळखपत्र नाही म्हणून बँक खातं नाही, खातं नाही म्हणून पगार नाही, पत्त्याचा पुरावा नाही म्हणून भाड्याची खोली नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली स्वीकारलेल्या कैद्यांच्या वागणुकीच्या नियमांना नेल्सन मंडेला यांचं नाव दिलेलं आहे. त्यातला १०८वा नियम हेच सांगतो: सुटणाऱ्या माणसाला योग्य कागदपत्रं आणि ओळखपत्र मिळावं, राहायला घर आणि हाताला काम मिळावं, हवामान आणि ऋतू पाहून अंगावर कपडे असावेत, मुक्कामाला पोहोचण्यापुरते आणि पुढचे थोडे दिवस निभावण्यापुरते पैसे असावेत. हिवाळ्यात सुटलेला माणूस उन्हाळ्यात अटक झाली तेव्हाचा पातळ शर्ट घालून फाटकाबाहेर उभा असलेला ज्यानं पाहिला असेल, त्याला ऋतूचा तो उल्लेख कळतो. त्याच्या आधीचा नियम तर म्हणतो की सुटकेनंतरच्या आयुष्याचा विचार शिक्षेच्या पहिल्या दिवसापासून सुरू व्हावा. तुमच्याकडे साडेसहा वर्षांतले तीन महिने उरले आहेत, पण तेही कमी नाहीत. आजच सुरुवात करा.

एक गोष्ट स्पष्टच लिहिते, कारण घरात ती कुणी बोलणार नाही. भाऊ आत जाण्याआधी नशा करत असेल, विशेषतः अफूच्या वर्गातली, तर पहिले दोन आठवडे जीवघेणे असतात. शरीराची सवय मोडलेली असते आणि मनाला जुनं प्रमाण आठवत असतं. पूर्वी पचायचं तेवढंच घेतलं तर श्वास थांबतो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या ३० हजारांहून जास्त लोकांची माहिती तपासून २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या जवळजवळ तेरा पट होता, आणि सगळ्यांत मोठं कारण नशेचा अतिरेक. स्कॉटलंडनं २०११पासून हा धोका असलेल्यांना तुरुंगातून निघतानाच नॅलोक्सोन हे उतारा देणारं औषध हातात द्यायला सुरुवात केली. त्याआधीच्या पाच वर्षांत अशा मृत्यूंपैकी ९.८ टक्के सुटकेनंतरच्या चार आठवड्यांत होत होते, ते पुढच्या तीन वर्षांत ६.३ टक्क्यांवर आले. भावाला हे विचारायला लाजू नका. "तू पुन्हा घेणार आहेस का" असं विचारू नका. शरीराची सवय मोडली आहे आणि जुनं प्रमाण आता मारेल, हे सांगा. व्यसनाचे उपचार आधीपासून चालू असतील तर बाहेरच्या डॉक्टरची वेळ सुटकेच्या आधीच घेऊन ठेवा.

आता घराबद्दल. इथे कायद्याचा हात पोहोचत नाही.

आमच्या कार्यालयाचं दार नुसतं लोटलेलं असतं. एकदा एक माणूस त्या दारासमोर येऊन उभा राहिला. आत माझ्याकडे बायका बोलत बसल्या होत्या, मला वाटलं कुणाची तरी वाट पाहतोय. पाच मिनिटं गेली, दहा गेली. शेवटी मी उठून दार ओढलं तेव्हा तो म्हणाला, "बाई, उघडायची वाट बघत होतो." अकरा वर्षांत त्यानं स्वतःच्या हातानं एकही दार उघडलं नव्हतं. दार दुसरं कुणीतरी उघडतं, मग आपण जायचं, हे त्याच्या पायांना पाठ झालं होतं. मला तोवर नऊ वर्षं झाली होती या कामात, आणि तरी मला ते बाहेरून ओळखता आलं नव्हतं.

तुमचा भाऊही असं काहीतरी घेऊन येईल. पाणी प्यायला, बाहेर जायला तुमची परवानगी मागेल. ताटाभोवती हात ठेवून भराभर जेवेल. गर्दीत भिंतीला पाठ लावून उभा राहील. कुणी मागून आलं की दचकेल. घरच्यांना वाटतं हा बदलला, दुरावला. तसं नसतं. आत जगायला जे लागत होतं ते अजून अंगातून उतरलेलं नसतं. त्यावर हसू नका आणि चारचौघांत दाखवून देऊ नका. काही आठवड्यांत बरंचसं आपोआप उतरतं.

उतरत नाही तो घरातल्या जागेचा प्रश्न. साडेसहा वर्षांत तुमचं घर त्याच्याशिवाय चालायला शिकलं आहे. निर्णय कोण घेतं, पैसे कुठे ठेवले जातात, मुलांना कोण रागावतं, हे सगळं नव्यानं बसलं आहे. तो मात्र गेला त्या दिवसाचं घर डोळ्यांपुढे ठेवून येणार. पहिल्याच आठवड्यात त्यानं अधिकार गाजवला किंवा उलट कोपऱ्यात बसून राहिला, तर दोन्हींच्या मुळाशी हेच असतं. लहान मुलांना "बाबा कामासाठी लांब गेलेत" असं सांगितलेलं असेल तर तो यायच्या आधी खरं सांगा, त्यांच्या वयाला झेपेल एवढं. मुलांना बहुतेक वेळा आधीच कळलेलं असतं. आपल्याशी हे कुणी बोलत नाही, हेच त्यांना जास्त लागतं.

आणि कर्ज. वकिलाची फी, जामिनाचा खर्च, येण्याजाण्याचे पैसे, यात बहुतेक घरं बुडतात आणि आतल्या माणसाला ते सांगत नाहीत. "त्याला आत कशाला ताप." मग तो सुटून येतो, आकडा कळतो, आणि लाजेनं त्याला आजच्या आज पैसे कमवायचे असतात. नेमक्या त्याच संध्याकाळी जुना कुणी मित्र भेटायला येतो, नवा फोन हातात देतो, "वापर, पैशाचं नंतर बघू" म्हणतो. माझ्या पाहण्यात जी माणसं परत आत गेली, त्यांतल्या कितीतरी जणांची सुरुवात अशाच एका फोनपासून झाली. दुष्टपणा त्यात नव्हता, लाज होती. म्हणून कर्जाचा खरा आकडा आत्ताच, तुरुंगातल्या मुलाखतीत, म्हणजे भेटीच्या वेळी, सांगा. फेडायला किती वर्षं लागतील आणि त्याच्याकडून पहिले सहा महिने एक पैशाचीही अपेक्षा नाही, हेही सांगा. आणि फोन तुम्हीच घेऊन ठेवा, अगदी साधा.

नोकरीबद्दल मी थोडं लांबण लावणार आहे, कारण घराचं बळ आणि कायद्याचं बळ इथेच एकमेकांना भिडतं.

अर्जावर एक ओळ असते: "आपणास कधी न्यायालयानं दोषी ठरवलं आहे का? होय / नाही." मी शेकडो लोकांच्या शेजारी बसून हे अर्ज भरले आहेत. नाव, पत्ता, शिक्षण भराभर लिहिणारा हात त्या ओळीपाशी येऊन थांबतो. पेन कागदावर टेकत नाही. समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांनी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात प्रशिक्षित तरुणांना सारखीच पात्रता सांगून खऱ्याखुऱ्या नोकऱ्यांसाठी अर्ज करायला पाठवलं होतं. २००३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. गोऱ्या अर्जदारांत गुन्ह्याची नोंद नसलेल्यांना ३४ टक्के ठिकाणांहून पुढचं बोलावणं आलं, नोंद असल्याचं सांगणाऱ्यांना १७ टक्के. कृष्णवर्णीयांत नोंद नसतानाही १४ टक्के आणि नोंद असेल तर ५ टक्के. हे आकडे मी पुन्हा पुन्हा वाचले आहेत. नोंदीनं बोलावणं निम्म्यावर येतं हे तर खरंच, पण वर्णावरून ज्याला आधीच संशयानं पाहिलं जातं त्याला कोऱ्या पाटीवरही नोंद असलेल्या गोऱ्यापेक्षा कमी संधी मिळाली.

यावर उपाय म्हणून अर्जावरची ती ओळ काढून टाकावी, प्रश्न मुलाखतीनंतर विचारावा, अशी चळवळ उभी राहिली. अमेरिकेत हवाई राज्यानं १९९८ साली खासगी नोकऱ्यांनाही लागू होईल असा कायदा केला, केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठीचा कायदा २०१९च्या डिसेंबरात झाला. मी या चळवळीच्या बाजूची आहे. पण तिचा उलटा परिणामही सांगितला पाहिजे. अमांडा एगन आणि सोन्या स्टार यांनी न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क शहरात सुमारे १५ हजार बनावट अर्ज पाठवून तपासलं. ओळ काढल्यानंतर, ती ज्या कंपन्यांच्या अर्जावर आधी होती तिथे गोऱ्या आणि कृष्णवर्णीय अर्जदारांना येणाऱ्या बोलावण्यांतली दरी ७ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेली. नोंद विचारता येईना म्हणून मालक अंदाज बांधू लागले, आणि अंदाज नावावरून, वर्णावरून बांधला गेला. प्रश्न लपवला तरी भीती तिथेच राहिली. म्हणून माझं मत हळूहळू असं झालं की ओळ काढण्यापेक्षा नोंदच ठरावीक काळानंतर मिटवणं जास्त उपयोगाचं.

ब्रिटनमध्ये १९७४ पासून असा कायदा आहे. शिक्षा संपून ठरावीक वर्षं सरळ गेली की ती दोषसिद्धी सरली असं मानलं जातं आणि बहुतेक नोकऱ्यांसाठी ती सांगावी लागत नाही. पूर्वी चार वर्षांहून मोठी शिक्षा कधीच सरत नसे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२३ च्या अखेरीस ते बदललं. आता गंभीर हिंसक, लैंगिक आणि दहशतवादी गुन्हे सोडून अशा शिक्षाही त्या पूर्ण झाल्यावर सात वर्षांनी सरतात. लहान मुलांबरोबरच्या कामासारख्या काही जागांना ही सूट नाही, आणि ते मला योग्यच वाटतं. भारतात १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचं १२वं कलम सांगतं की दोषी ठरूनही तुरुंगाऐवजी ताकीद देऊन किंवा परिवीक्षेवर, म्हणजे प्रोबेशनवर, ज्याला सोडलं त्याला त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. साठ वर्षांहून जुनं, शहाणं कलम आहे. पण पक्का कैदी म्हणून शिक्षा भोगून आलेल्याला ते लागत नाही.

कलम असणं आणि ते माणसापर्यंत पोहोचणं यात मोठं अंतर असतं. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात नोंद पुसून घेण्याचा हक्क असलेल्यांपैकी पाच वर्षांत केवळ ६.५ टक्के लोकांनी ती पुसून घेतली होती. बाकीच्यांना माहीतच नव्हतं, किंवा अर्ज, ठसे, शुल्क, सुनावणी या फेऱ्यांत ते अडकले. ज्यांची पुसली गेली त्यांची कमाई वर्षभरात वीस टक्क्यांहून जास्त वाढली, आणि ते पुन्हा गुन्ह्याकडे वळल्याचं प्रमाण फार कमी निघालं. त्यानंतर मिशिगननं अर्जाशिवाय, आपोआप नोंदी पुसायला सुरुवात केली. पेनसिल्व्हेनियानं २०१८ मध्ये असा कायदा सर्वांत आधी केला होता. मला सुधारणांमध्ये ही सगळ्यांत मोलाची वाटते, कारण ज्याला फेऱ्या मारायचं बळ नाही त्यालाही ती मिळते.

तोपर्यंत तुमच्या भावाला तो प्रश्न विचारला जाणार. त्याच्यावर लागू होणाऱ्या कायद्यात काय सांगावंच लागतं आणि काय नाही, हे वकिलाकडून एकदा लिहून घ्या. जिथे सांगावं लागतं तिथे लपवू नका. लपवलेलं उघड झालं की गुन्ह्यापेक्षा खोटेपणासाठी नोकरी जाते. आम्ही प्रत्येकाकडून चार वाक्यं पाठ होईपर्यंत म्हणवून घेतो. उदाहरणार्थ: "मारामारीच्या गुन्ह्यात मी पाच वर्षं शिक्षा भोगली. आत वेल्डिंग शिकलो, प्रमाणपत्र सोबत आहे. सुटून चौदा महिने झाले, त्यातले आठ महिने एकाच वर्कशॉपमध्ये आहे. त्या मालकांचा नंबर देतो, त्यांच्याशी बोला." एवढंच. गुन्ह्याची कहाणी नको, कुणी अडकवलं ते नको, रडणं नको. पहिल्या वाक्यात जबाबदारी घेतली की ऐकणारा पुढची तीन वाक्यं ऐकतो. घरात आरशासमोर हे म्हणायची प्रॅक्टिस करा, तुम्ही मालक व्हा. पहिल्या वेळी त्याचा आवाज फुटणार नाही. पंधराव्या वेळी फुटेल.

ज्याला कुणीतरी दोन चांगले शब्द लिहून देईल अशी पहिली नोकरी महत्त्वाची, मग ती कितीही लहान असो. पगार नंतर बघता येतो.

सुटकेनंतर देखरेखीच्या अटी असतील तर त्या एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावा. अटी मोडणं म्हणजे नवा गुन्हा करणं नव्हे, पण त्यासाठीही माणूस परत आत जातो. आमच्याकडच्या एका मुलाला आठवड्यातून एकदा सकाळी अकराला हजेरी द्यावी लागे. दर वेळी अर्धा दिवस बुडायचा. तिसऱ्या आठवड्यात मुकादम म्हणाला, "रोज येणारा माणूस हवाय मला." आम्ही एक साधा अर्ज केला, हजेरी संध्याकाळी सहाची झाली, काम टिकलं. त्या अर्जाला अर्धं पान लागलं होतं. हजेरीची वेळ ठरवताना "काम किती वाजता असतं" हे विचारायचा नियम असता तर तेही लागलं नसतं. ज्यांच्याकडून धोका कमी त्यांच्यावर अटींचं ओझं जास्त टाकलं की परिणाम उलटे होतात, हे या क्षेत्रात काम करणाऱ्यांना आता पक्कं ठाऊक आहे.

तुरुंगाच्या आत काय बदलायला हवं, हा विषय खरं तर वेगळ्या उत्तराचा आहे. थोडक्यात सांगते. नॉर्वेत तुरुंगातले शिक्षक, डॉक्टर, ग्रंथपाल हे तुरुंग खात्याचे नोकर नसतात. शाळा, आरोग्यसेवा, वाचनालय चालवणाऱ्या बाहेरच्याच संस्थांची माणसं आत येऊन काम करतात. त्यामुळे सुटल्यावर कैद्याला यंत्रणा अनोळखी राहत नाही. जयपूरजवळ सांगानेरचं खुलं कारागृह १९६३ पासून चालू आहे. तिथे कैदी कुटुंबाबरोबर राहतात, दिवसा बाहेर जाऊन कमावतात, सकाळ-संध्याकाळ हजेरी देतात. त्याच्याही आधी, १९३९ मध्ये, औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची वसाहत सुरू झाली. पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन यांची ती कल्पना आणि औंधच्या राजांचं तिला पाठबळ. गंभीर गुन्ह्यांतले कैदी भिंतीशिवाय राहून शेती करत होते. माणसाला सुटायच्या आधी दार उघडायची सवय लावणं यालाच म्हणतात. शिक्षणाचंही तसंच. अमेरिकेत कैद्यांना कॉलेजसाठी मिळणारी सरकारी मदत १९९४ मध्ये बंद केली होती, ती २०२३ च्या जुलैपासून पुन्हा सर्वांना खुली झाली. मधली जवळजवळ तीस वर्षं एका पिढीची गेली. भावानं आत काही शिक्षण अर्धवट सोडलं असेल तर उरलेलं बाहेर कुठे पूर्ण करता येईल ते पत्रानं आधीच विचारून ठेवा.

आणि दोषी ठरण्याआधीच वर्षं गमावलेल्यांचं काय? भारतातल्या कारागृहांत २०२२ च्या अखेरीस चारपैकी तीन जण कच्चे कैदी होते, म्हणजे खटला चालू असलेले. निर्दोष सुटलेल्याला तर पुनर्वसनाच्या योजनाही बहुधा लागू होत नाहीत, कारण कागदावर तो कधी गुन्हेगारच नव्हता. २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या ४७९व्या कलमानं आधी कधीच दोषी न ठरलेल्या आरोपीला, काही अपवाद सोडून, त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढल्यावर जामिनावर सोडण्याची तरतूद केली. त्या तारखा मोजून वेळेवर अर्ज करणारं कुणी असेल तरच तिचा उपयोग.

ज्यांना बहीण नाही त्यांच्यासाठी काही देशांनी ती उभी केली, असं मी म्हणते. कॅनडात हॅमिल्टन शहरात १९९४ साली लैंगिक गुन्ह्यांची शिक्षा भोगून एक माणूस सुटला. शहर भयभीत होतं, त्याला कुणी जवळ करेना. मेनोनाइट पंथाच्या एका पाद्रीनं आपल्या मंडळीतले चार-पाच जण त्याच्याभोवती उभे केले. रोज कुणीतरी भेटायचं, फोन करायचा, आधार द्यायचा, आणि तोंडावर कठोर प्रश्नही विचारायचे. आज अनेक देशांत अशी मंडळं चालतात. जपानमध्ये ४० हजारांहून जास्त सामान्य नागरिक बिनपगारी परिवीक्षा अधिकारी म्हणून काम करतात. त्यांतले पुष्कळ जण सुटून आलेल्या माणसाला स्वतःच्या घरी बोलावून गप्पा मारतात. सरकारी खर्चाच्या हिशेबात हे काहीच नाही, पण कुणीतरी वाट पाहतंय एवढ्यानं माणूस रात्री घरी परततो.

ज्यांचं नुकसान झालं त्यांच्याबद्दल बोलल्याशिवाय हे उत्तर मला संपवता येणार नाही. तुमच्या भावाच्या गुन्ह्यात कुणाला इजा झाली असेल तर त्या घरातही हीच तारीख जवळ येते आहे, आणि तिथे आनंद नाही, फक्त भीती आहे. त्यांना सुटकेची खबर आधी मिळावी, सुरक्षिततेची हमी मिळावी, हा त्यांचा हक्क आहे. भावानं परस्पर माफी मागायला त्यांच्या दारात जाऊ नये, कितीही मनापासून वाटलं तरी. त्यांनी स्वतःहून मध्यस्थामार्फत तयारी दाखवली तरच. माफी मागून मन हलकं होतं ते मागणाऱ्याचं, आणि तो भार त्या घरावर टाकायचा अधिकार त्याला नाही. गुन्हेगाराच्या पुनर्वसनाचं काम करणाऱ्यांनी हे विसरलं तर लोक आमच्यावर का विश्वास ठेवतील?

दुसरीकडे, समाजालाही ती घटना कायम उगाळत बसायचा अधिकार नसतो. जर्मनीत लेबाख गावी सैनिकांच्या हत्या झाल्या होत्या. त्या प्रकरणातला मदतनीस सुटायच्या बेतात असताना टीव्हीवर त्याच्या नावा-चेहऱ्यासह त्या घटनेचा नाट्यपट दाखवला जाणार होता. १९७३ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं तो थांबवला. शिक्षा भोगून आलेल्या माणसाला पुन्हा समाजात सामावण्याची संधी मिळणं हा त्याच्या प्रतिष्ठेचा भाग आहे, असं त्या निकालानं मानलं. शेजारी कुजबुजतील, कुणी जुनी बातमी मोबाइलवर फिरवेल. त्या वेळी तुम्ही घाबरून भावाला घरात लपवू नका. दुकानात, दवाखान्यात, लग्नकार्यात त्याला बरोबर घेऊन जा.

आता या आठवड्यात. तुरुंगात भेटायला जाल तेव्हा सुटकेची नक्की तारीख आणि वार लिहून आणा. कोणती औषधं चालू आहेत ते विचारा. ओळखपत्राचा माग काढायला सुरुवात करा. कर्जाचं सांगा. फाटकापाशी घ्यायला कोण येणार ते ठरवा, आणि दहा जण जाऊ नका, दोघं पुरेत. त्या संध्याकाळी घरी पाहुणे बोलावू नका. आणि त्याला कुठे झोपायला आवडेल ते विचारा, आधीच खोली सजवून ठेवू नका. तुरुंगात रात्रभर दिवा चालू असतो आणि आजूबाजूला माणसांचे श्वास ऐकू येत असतात. पुष्कळांना पहिल्या काही रात्री बंद खोलीत, काळोखात, एकट्याला झोप लागत नाही. दिव्याचं बटण कुठे आहे ते दाखवा, आणि चालू ठेवायचा की बंद करायचा हे त्याचं त्याला ठरवू द्या.